मार्गशीर्षातली पुडी

कुंदाताईंचं नाव आधी घेते. काय झालं ते नंतर. कारण काय झालं ते सांगायला बसले की मला आधी किळस येते, मग संताप येतो, आणि या दोन्हींच्या नादात जिनं मला त्यातून ओढून काढलं त्या बाईचंच नाव राहून जातं. तर कुंदाताई. ठाण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, सांध्यांचे पेशंट तपासतात त्याच्या शेजारच्या खोलीत, रक्त काढायला बसतात. खाडीकाठच्या गावातल्या; त्यांच्या आज्याचं मिठागर होतं म्हणे. नाकात चमकी, चष्मा दोरीला लटकवलेला, आणि हात इतका हलका की सुई आत गेलेली कळतसुद्धा नाही. तोंड मात्र हलकं नाही.

परवा कल्याणच्या फुलबाजारात शेवंती आणायला गेलेले. मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार तोंडावर, त्यामुळे बाजार नुसता उकळत होता. फुलबाजार म्हटलं की लोकांना सुगंध आठवतो. त्यांनी एकदा पहाटे येऊन बघावं. आदल्या दिवशीचा न विकलेला गोंडा, म्हणजे झेंडू, कोपऱ्यात ढीग करून टाकलेला असतो. वरून पिवळा, खाली काळा, आणि पाय पडला की आतून ऊन वाफ येते. त्या वाफेला लग्नाच्या मांडवाचाही वास असतो आणि मेलेल्या जनावराचाही. ती वाफ नाकात गेली आणि माझी बोटं आपोआप आखडली. सहा वर्षं झाली, तरी बोटांना तो हिवाळा पाठ आहे.

आणि तिथंच, ढिगापलीकडे, मावशी दिसल्या. हसत होत्या. त्यांचा चेहरा बघून मी शेवंतीचा भाव विचारायची विसरले. पण ते शेवटी सांगते.

मावशी सख्ख्या नव्हेत. मुखेडकडच्या आमच्या गावातल्या, आमच्याच गल्लीतल्या, फुलांच्या धंद्यापायी कल्याणला आलेल्या. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. वर्ष पुरं झालं नाही, दप्तर खुंटीला राहिलं ते राहिलंच. मावशींनी आईला सांगितलं, "लेकरू माझ्यासंगं पाठीव. दोन घास कमी पडू देत नाही." आणि खरंच कमी पडू दिले नाहीत. शहाडच्या त्यांच्या खोलीत मी वाढले. फुलं निवडायला, वेणी बांधायला, लांब सुईनं हार ओवायला त्यांनीच शिकवलं. हे आधी सांगते, कारण पुढं जे येणार आहे ते ऐकून मावशींना कुणी वाईट म्हणायला नको. वाईट असत्या तर सोपं झालं असतं.

तो हिवाळा असा सुरू झाला: एका सकाळी मला सुई धरता येईना. झोपेतून उठले तर दोन्ही हातांची मधली बोटं जाड, गरम, आणि चकचकीत. मूठ वळेना. तासभर कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, तेव्हा कुठं बोटं आपली वाटायची. पुढच्या आठवड्यात मनगटं. मग पायाचे तळवे, चवड्याखाली गोट्या ठेवल्यासारखे. बाजारातल्या बायकांना थट्टेला निमित्तच झालं.

"सुरेखा, वेणी बांधतेस का गोधडी शिवतेस?"

"बोटं बघ तिची, भजी तळल्यासारखी फुगलीत."

"अगं नाटकं सगळी. बुधवार आला की दुखतात हिचे हात."

बुधवारी कामाचा डोंगर असायचा. गुरुवारी घट मांडायचे म्हणून घरोघरी वेण्या, हार, पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. एकट्या आमच्या गाळ्यावरून शेकड्यानं वेण्या जायच्या. त्या महिन्यात जिचे हात चालत नाहीत ती बाई बाजारात नुसती अडचण असते. हात गेले तर मी कोण? आठवी नापासही नाही, आठवीतच शाळा सुटलेली. मला वेणीशिवाय काहीच येत नव्हतं. झोपताना दोन्ही हात पोटाशी घेऊन मोजायची, आज किती बोटं वळली. सहा. आज पाच.

स्वतःच्याच हाताची किळस येते का कुणाला? मला यायची. ताटात भात कालवताना ती लाल, ताणलेली बोटं दिसायची आणि वाटायचं, हे भलत्याच कुणाचे हात माझ्या ताटात आलेत.

मावशींनी पुडी आणली ती मायेनंच. बाजाराच्या फाटकाबाहेर दर बुधवारी एक माणूस काचेच्या बरण्या मांडून बसायचा. वात मुळापासून काढतो अशी पाटी. अर्धा बाजार त्याची पुडी घ्यायचा. फुलांच्या पाट्या वाहून माना मोडलेले हमाल, दिवसभर ओल्या गोणपाटावर बसणाऱ्या बायका, सगळे. रंग गेरूसारखा. वास हिंगाचा, कापराचा, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी उंदराच्या लेंडीचा. उपाशीपोटी कोमट पाण्यातून घ्यायची. घशाखाली उतरायची नाही, दातांच्या फटीत चिकटायची. दुपारपर्यंत जिभेनं उकरत बसायचं. पहिल्या दिवशी मला उलटी आली. मावशींनी पाठीवर हात फिरवला. "वकलीस? वकू दे. दुसरी घे. औषध हाय, पेढा न्हाई."

आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. दोन तासांत बोटं सुटली. त्या बुधवारी मी गाळ्यावरच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेण्या बांधल्या. ज्या बायका हसत होत्या त्या पुडीवाल्याकडं धावल्या. महिन्याभरात मला भूक अशी लागायला लागली की पातेल्याच्या बुडाची करपही खरवडून खायची. गाल वर आले. आरशात चेहरा गोल, भाकरीसारखा. मावशी खूश. "बघा माझं लेकरू! अंग धरलं का न्हाई?" मीसुद्धा खूश. आतून पोखरलं जाणारं माणूस वरून गुबगुबीत दिसत होतं आणि आम्ही दोघी मिळून त्याची दृष्ट काढत होतो.

दवाखान्यात गेले ते पुडी पुरी पडेना म्हणून. दोन तासांचा आराम तासावर आला होता आणि उजव्या हाताचं एक बोट तिरकं व्हायला लागलं होतं. निघताना मावशींनी एकच बजावलं.

"दवाखान्यात चाललीस तर जा. पर पुडीचं काढू नकोस तिथं. गावठी औषध म्हटलं की डॉक्टर लोक बाहेर काढतेत."

आमच्यात हे असंच चालतं. डॉक्टरसमोर दुखणं सांगायचं, घरचं औषध सांगायचं नाही. जसं पाहुण्यांसमोर घरातलं भांडण काढत नाहीत. मला ते इतकं सहज वाटलं की खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. हात दाबून बघितले, एकेक सांधा. म्हणाल्या, हा वात नव्हे, संधिवाताचा असा प्रकार आहे की ज्यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. मग त्यांच्याकडे चालू असलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. रक्त द्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशींमधली कुठली जनुकं कामाला लागलीत ते बघणार.

"जनुकं म्हणजे काय, मॅडम?"

"शरीर कसं चालवायचं त्याच्या सूचना. प्रत्येक पेशीत सगळ्याच असतात. पण सगळ्या एका वेळी चालू नसतात. जंतू आला की राखणदार सूचना चालू होतात, जंतू गेला की बंद. तुमच्यात बहुतेक त्या जंतू नसतानाच चालू राहिल्यात. किती आणि किती जोरात, तेच आम्हाला बघायचंय. यातून तुम्हाला लगेच काही फायदा होईल असं मात्र मी म्हणणार नाही."

मला ते बाजारासारखं वाटलं. गाळे सगळे तिथंच असतात. पण कुठल्या गाळ्याचं शटर वर आहे, कोण ओरडतंय, कोण गप्प बसलंय, त्यावरून त्या दिवशीचा बाजार कळतो. माझ्या रक्तात गिऱ्हाईक नसताना सगळी शटरं वर होती आणि सगळे बोंबलत होते.

शेजारच्या खोलीत कुंदाताई फॉर्म घेऊन बसलेल्या. शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या.

"दुसरा औषध काय घेतेस?"

"नाही."

"चूर्ण? काढा? कुणाच्या हातचा काय?"

"नाही, ताई."

"पुडीबिडी?" तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी. चष्म्यावरून बघत.

"नाही म्हटलं ना."

त्यांनी रेघ मारली. रक्त एका वेगळ्या नळीत घेतलं. नळीत आधीच थोडं पाण्यासारखं औषध होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "या औषधात रगत पडला ना, की त्या घडीला आत जा काय चाललंय ता तसाच थांबतंय. मग बरफात ठेवायचा." आम्हीही मोगऱ्याची कळी उमलू नये म्हणून बर्फाच्या तुकड्यावर ओलं फडकं टाकून ठेवतो. मला छान वाटलं तेव्हा. आता वाटतं, माझं खोटंच त्यांनी जपून बर्फात ठेवलं. त्या सकाळीही मी पुडी घेतली होती. आत जे बोंबलत होते त्यांच्या तोंडावर पुडीनं हात दाबून धरला होता, आणि नळीत ती खोटी शांतता गोठली.

साध्या तपासणीतही तेच. मॅडम कागद बघत राहिल्या. "सूज दिसतेय. पण रक्त फारच शांत आहे. जोराची औषधं घाईनं नको सुरू करायला. महिनाभर बघू." महिनाभर! मी मान डोलावली. माझ्या तिरक्या बोटाला मीच महिनाभर थांबायला सांगितलं.

शहाडची हिवाळ्यातली सकाळ ज्यानं नाकात घेतलीय त्यालाच ती कळेल. नदीवरून धुकं येतं आणि त्यात कसला तरी आंबट, औषधी वास मिसळलेला असतो. तो वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, पोळीलाही लागतो. त्या महिन्यात मला सगळ्याचाच वास यायला लागला. पुडीचा घामाला, घामाचा उशीला. नळाच्या रांगेत बायका म्हणायच्या, "सुरेखाची तब्येत काय छान झाली गं, आता उजवून टाका." मी हसायची आणि दातांच्या फटीतली पुडी जिभेला लागायची.

महिन्यानं परत गेले. कुंदाताईंनी बाही वर केली आणि थांबल्या. दंडावर काळेनिळे डाग होते.

"या कशानं?"

"फुलांची पाटी लागली."

"नि तोंड?"

"अंग भरलंय."

"अंग नाय गो भरला. तोंड भरलाय. हातपाय बघ, काड्या झाल्यात." खुर्ची माझ्याकडे ओढली. आवाज एकदम खाली. "पुडी खातेस ना? मना सांग. माझी आय चार वर्सं खात व्हती. अशीच गोल झालेली, आमी म्हणायचो म्हातारीनं बाळसा धरलाय. एक दिवस न्हाणीत नुसती बसली न् खुबा मोडला. मी तवा याच खुर्चीत बसून लोकांचं रगत काढीत व्हते, न् घरात आय काय खाते ता मना ठावं नव्हता. ती काय मंग उठली नाय."

मी ब्लाऊजमधल्या पाकिटातली पुडी काढून टेबलावर ठेवली. त्या पांढऱ्या, धुतलेल्या खोलीत तो गेरू इतका घाण दिसला की मला माझ्या दातांची, जिभेची, पोटाचीच शिसारी आली. म्हटलं, "आजच गटारात टाकते सगळ्या. परत तोंडाला लावणार नाही."

त्यांनी मनगट असं पकडलं की मी ओरडलेच.

"टाकशील नि मरशील! एकदम बंद नाय करायचा. अंगाला सवय लागलीय त्याची. चल मॅडमकडं."

हे मला फार नंतर उमगलं. किळस आली म्हणून लगेच थुंकता येत नाही. जे अंगात भिनलंय ते मोजून, हळूहळूच काढावं लागतं.

मॅडम म्हणाल्या, पुडीत नेमकं काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही, पण माझ्याकडे बघून स्टिरॉइडचाच संशय येतो. मी पुडी घेतेय तोवर तपासणीतलं रक्त शांत दिसणारच, आणि अभ्यासाचा नमुना बाद. बोटांचा एक्स-रे काढला. उजेडावर धरून दाखवला. बोटाच्या हाडाच्या कडेला एक बारीक खाच. उंदरानं बिस्किट कुरतडावं तशी. आठवड्याला सहा पुड्या या हिशोबानं मी जो आराम खाल्ला होता, त्याची किंमत त्या हाडानं चुकवली होती.

मग मॅडम कुंदाताईंवर घसरल्या. माझ्यासमोर, दारातल्या पेशंटसमोर. "इतकी वर्षं काढलीत इथं. चेहरा बघून पहिल्याच दिवशी कळायला नको? फॉर्मवर नाही लिहिलंत. विचारलं तरी होतं का?"

तीन वेळा विचारलं होतं. बोलले तर मी खोटारडी ठरणार, मला काढून टाकणार, बोट तसंच राहणार. मी गप्प बसले.

कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "चुकला मॅडम. मीच नीट इचारला नाय."

आजवर मला आलेल्या सगळ्या किळशी एका बाजूला ठेवा, कुजका गोंडा, पुडी, नदीचा वास, सुजलेली बोटं. त्या क्षणी मला माझी जी आली ती दुसऱ्या बाजूला ठेवा. ती जड भरेल.

ताईंच्या खोलीत परत आल्यावर मी रडत म्हटलं, "ताई, तुम्ही का बोलणी खाल्लीत?" तर म्हणाल्या, "माझी नोकरी बोलणी खाऊन नाय जात. तुझा बोट गप बसून जाईल. उगी आता. नाक पूस, टेबलाला लागंल."

पुढचं सगळं हळूहळू झालं. मॅडमनी मोजक्या गोळ्या देऊन त्या आठवड्या-आठवड्यानं उतरवल्या. दुसरी गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची. मी गुरुवार निवडला. कुंदाताईंनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, रोज नाही, गुरुवारीच. कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून दिले. पुडी उतरली तशी बोटं पुन्हा पेटली. ते दिवस आठवू नयेत असे. पण त्या वेळी काढलेलं रक्त खरं बोललं. कागदावरचा सुजेचा आकडा वर गेला होता. लोक असा आकडा बघून घाबरतात, मला हुंदका आला. नाटकं नव्हती. बाजारातल्या बायकांनो, नाटकं नव्हती! मी मॅडमना आपण होऊन म्हटलं, अभ्यासाला पुन्हा रक्त घ्या. या वेळी फॉर्मवर पुडीचं सगळं मी सांगितलं, कधीपासून, किती, आणि हेही की ताईंनी पहिल्यांदा तीनदा विचारलेलं. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. उठून शेजारच्या खोलीत गेल्या. आत काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

घरी मात्र मावशी फुटल्या.

"म्हंजी मी तुला ईख घातलं म्हनतीस?"

"तसं नाही मावशी."

"मंग कसं? बाप मेल्यावर कुनी आनलं तुला? मी का तुझ्या त्या सुयावालीनं?"

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायांना हळदीकुंकू लावलं. मी उंबऱ्याशी बसले होते, कपाळ पुढं करून. करंडा माझ्यासमोरून पुढं गेला. त्याच आठवड्यात मी टिटवाळ्याला एका खोलीत राहायला आले. आता देवळाच्या रस्त्यावर माझा छोटा गाळा आहे. उजव्या हाताचं ते बोट तिरकंच राहिलं. त्याच्यावरून दोरा जरा बरा वळतो, एवढाच त्याचा उपयोग. बाकीची नऊ वळतात. सकाळी उठून अजून मोजते. भीती गेलेली नाही. मॅडम म्हणतात, ती शटरं कायमची बंद होत नाहीत, खाली ओढून धरावी लागतात.

तर परवा. मावशी गोंड्याच्या ढिगापलीकडे उभ्या होत्या. सहा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "बरं हाय का", "बरं आहे". गुडघे गेलेत त्यांचे, हे ऐकून होते. पण परवा चेहरा बघितला. गोल. भाकरीसारखा. मानेमागं मांसाची गादी. आणि पदर सरकला तर कोपराजवळ काळानिळा डाग. कुणीतरी बाई त्यांना म्हणत होती, "मावशी, या वयात काय तब्येत कमावली!" आणि मावशी हसत होत्या. तसंच, जशी मी आरशात हसायची.

मी ढिगावर पाय देऊन पलीकडे गेले. ती वाफ, तो वास, पाय घोट्यापर्यंत त्या काळ्या चिखलात. म्हटलं, "मावशी, पुडी अजून चालू आहे का?"

"तुला काय करायचंय?"

"एकदम बंद करू नका. एवढंच ऐका."

त्या चमकल्या. त्यांना वाटलं असणार, मी बंद करा म्हणून ओरडेन. क्षणभर माझ्या तिरक्या बोटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी ती सुयावाली हाय का अजून?"

"आहे. पण थोडेच दिवस. निवृत्त होतायत."

त्यांनी शेवंतीची एक जुडी माझ्या पाटीत टाकली आणि गिऱ्हाईकाकडं वळल्या.

कुंदाताई, तुमच्यासाठी मी दर मार्गशीर्षात वेणी आणते आणि तुम्ही दर वेळी म्हणता, "मना फुला नको आणू, शिंका येतात. आणायची त कुणाची पुडी सोडवून आण." मी हसण्यावारी न्यायची. तुमच्या आईला तुम्ही आणू शकला नाहीत त्या खुर्चीपर्यंत, आणि मी त्या खुर्चीत बसून तुमच्याशी तीनदा खोटं बोलले. याची फेड वेणीनं होत नाही, कळतं मला. मावशी परवा हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत. मी पुढच्या बुधवारी जाईन, त्याच्या पुढच्याही. एक दिवस त्यांचा हात धरून तुमच्या समोरच्या खुर्चीत त्यांना बसवीन, पुडी टेबलावर ठेवायला लावीन, आणि तुम्ही फॉर्म काढून "दुसरा औषध काय घेतेस?" म्हणालात की पहिल्याच वेळेला खरं उत्तर येईल. तोवर निवृत्त झाला असाल, तर मी मावशींना खाडीकाठच्या तुमच्या गावी घेऊन येईन. दार तेवढं उघडा.